पुन्हा नमुना घ्यावा

७ जानेवारी २००७, रविवार, सकाळी साडेसात. स्थळ : अमरावती, मातीची प्रयोगशाळा, वाळवणीची खोली. उपस्थित : भाऊ, मी, भातकुलीचे शेतकरी बापूराव, बार्शीटाकळीच्या उर्दू शाळेतल्या शमीम आपा, आमच्या जीपचा चालक गजानन, आणि कार्यालयातले आणखी तिघे, जे मुख्यतः चहासाठी आले होते. एकूण आठ. विषय : हिमालयातल्या एका बेस कँपपर्यंत सहा दिवसांचा पायी प्रवास, बरोबर गाईड.

ही माझ्या वहीतली नोंद. तिच्याखाली त्या दिवशी ठरलेली चौदा कामं लिहिली आहेत. तेरांच्या पुढे बरोबरची खूण आहे.

भाऊंना सगळेच भाऊ म्हणत, साहेबसुद्धा. ते माझ्याहून सतरा वर्षांनी मोठे, प्रयोगशाळेत माझ्या शेजारच्या टेबलावर. अंगात पांढरा सदरा, पायांत टायरच्या चपला, आणि उजव्या अंगठ्याच्या नखात कायमची काळी रेघ. लग्नात जेवायला बसतानाही ती रेघ असायची. कोणी टोकलं तर म्हणत, "धुतला हात. ते नखाच्या आतल्या अंगानं हाय." कुठंही गेले तरी येताना रुमालाच्या गाठीत चिमूटभर माती आणत. साडूच्या तेराव्याहूनही आणली होती. माणसाबद्दल विचारलं तर दोन वाक्यं बोलत आणि त्याच्या अंगणातल्या मातीबद्दल वीस.

माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. "यादीबाई" म्हणत. मी याद्या करते म्हणून. घरचा किराणा, कार्यालयाची कामं, मुलीच्या परीक्षा, सासूबाईंची औषधं, सगळं माझ्याकडे क्रमांक टाकून लिहिलेलं असतं. भाऊंना याद्यांचा राग नव्हता, पण त्यांचा विश्वास दुसऱ्याच गोष्टीवर होता. ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

मातीचा नमुना घ्यायची एक रीत आहे. वावरात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल खड्डा करायचा आणि त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत तासून घ्यायची. बांधाजवळ, झाडाखाली, पायवाटेवर, शेणखताच्या ढिगाजवळ घ्यायची नाही, कारण तिथली माती साऱ्या वावराबद्दल काही सांगत नाही. मग सगळी माती एकत्र करून गोल पसरायची, बोटानं आडवी-उभी रेघ ओढून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे. उरलेले दोन पुन्हा मिसळायचे, पुन्हा चार भाग, पुन्हा दोन टाकायचे, अर्धा किलो उरेपर्यंत. ही रीत सगळ्याच प्रयोगशाळा पाळतात. भाऊ ती प्रयोगशाळेबाहेरही पाळत.

त्यांच्या मुलीच्या लग्नात पाहुणे जास्त होत होते. भाऊंनी सगळ्यांची नावं चिठ्ठ्यांवर लिहून सतरंजीवर पसरली, चार भाग केले, दोन टाकले. त्यात आमच्या साहेबांची चिठ्ठी गेली. लग्नानंतर साहेब जरा फुगूनच बसले होते, तर भाऊ केबिनमध्ये जाऊन सरळ सांगून आले, "साहेब, तुमी रेघेवर होते. रेघेवरचं टाकाच लागते, नाई तं नमुना बिघडते." साहेबांनी नंतर मला बोलावून विचारलं, "हे काय प्रकरण आहे?" मी रीत समजावून सांगितली. साहेब म्हणाले, "मला रीत माहीत आहे हो, मी कृषी पदवीधर आहे."

वर्तमानपत्राचंही तसंच. नमुने सावलीत कागदावर वाळत घालायचे असतात. भाऊ ताजं वर्तमानपत्र न वाचताच त्यावर माती पसरत, आणि माती वाळून गेल्यावर झटकून वाचत. त्यामुळे जगाच्या बातम्या त्यांच्यापर्यंत पंधरा दिवसांनी पोचत. आम्ही एखाद्या गोष्टीवर बोलून बोलून दमलेलो असायचो, तेव्हा ते हातात कागद घेऊन येत, "पाह्यलं का वो, काय झालं ते?" त्या वर्षांत आमच्या भागातल्या गावांची नावं रोज पहिल्या पानावर असत. दिल्लीहून, मुंबईहून लोक येत, गाड्या येत, पाहण्या होत. आम्हा सगळ्यांना शेतकरी कुटुंबांच्या घरोघरच्या पाहणीचं काम लागलं होतं आणि रजा बंद होत्या. भाऊ ती पानं वाचत, घडी घालत आणि पुन्हा तीच पुढच्या नमुन्याखाली पसरत.

हिमालयाची गोष्ट अशाच एका पानावरून सुरू झाली. कोपऱ्यात पुण्याच्या एका ट्रेक कंपनीची जाहिरात होती : सोपा मार्ग, अनुभवी गाईड, बेस कँपपर्यंत. भाऊंनी फोन लावला. नाव नोंदवायची मुदत नऊ दिवसांपूर्वी संपली होती.

"मंग पुढच्या सालची सांगा," भाऊ म्हणाले.

पलीकडची मुलगी म्हणाली, "काका, पुढच्या वर्षीचं अजून ठरलं नाही."

"आमचं ठरलं," म्हणून भाऊंनी फोन ठेवला.

मी विचारलं, हे अचानक काय? त्याच दुपारी चांदूर रेल्वेकडची एक बाई पदरात माती बांधून आली होती. पिशवी नाही, फॉर्म नाही. टेबलावर गाठ सोडून म्हणाली, "भाऊ, हिले काय झालं ते पाहा बरं." जशी काही लेकीलाच दवाखान्यात आणली होती. भाऊंनी माती हातावर घेतली, वास घेतला, फॉर्म भरून दिला आणि म्हणाले, "हिले कायी नाई झालं माय. दमली." बाई गेल्यावर ते बराच वेळ त्या मातीवरून बोट फिरवत बसले आणि मग मला म्हणाले,

"बाई, तीस वर्सं झाली, मी दमलेलीच माती पाहून राह्यलो. जिच्यापाशी कोनी कायी मांगतलं नाई, अशी माती मले एकदा पायची हाय. तिचे आकडे कसे असन?"

"मग मेळघाटात जा की. जवळ आहे."

"तिथी मोह वेचते, तेंदू तोडते, ढोरं चारते. तिथीबी मांगूनच राह्यले सारे." मग जाहिरातीच्या चित्रावर काळं नख ठेवून म्हणाले, "अठी कोन काय मांगन? अठी कोनी पेरलंच नाई."

एवढंच कारण होतं. त्यांना शिखर पाहायचं नव्हतं, बर्फात फोटो काढायचा नव्हता. बेस कँपवरची अर्धा किलो माती हवी होती. माझ्या यादीत ते चौदावं काम : माती आणणे.

तयारी चार महिने चालली. दर रविवारी पहाटे पावणेपाचला भातकुलीच्या रस्त्यानं चालायला निघायचं आणि ऊन डोक्यावर यायच्या आत परत यायचं. फेब्रुवारी सरला तशी आमची चाल वाढली. मार्चअखेर आम्ही जवळजवळ पळत होतो. बापूराव वाटेवर आपल्या वावराजवळ उभे राहत आणि ओरडत, "याहो, याहो, ऊन आलं मागून!" कधी सामील होत, कधी नुसतेच हसत. ते घरचे खाऊनपिऊन सुखी, स्वभावानं थट्टेखोर. त्यांनी भाऊंना एकदा विचारलं, "भाऊ, तिकडची माती चांगली निघाली तं काय करसान? वावर घेसान?"

"नाई. पाहीन, अन् ठेवून देईन."

महिन्यातून एकदा सराव अकोल्याला, कारण आपांना बार्शीटाकळीहून दर वेळी अमरावती जमत नसे. त्या माझी बारावीपासूनची मैत्रीण. अकोल्यात डोंगर नाही, म्हणून स्टेशनच्या पुलाचे जिने. चढायचे, उतरायचे, पुन्हा चढायचे. आपा एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातानं ओढणी सावरत चढत. तिसऱ्या फेरीला रेल्वेचा पोलीस पुढे आला. "काय हो, केव्हापासून वरखाली करून राह्यले. गाडी कोणती पकडाची हाय?"

"हिमालय," भाऊ म्हणाले.

"ती अठी नाई थांबत," पोलीस म्हणाला. आपा हसून पायरीवरच बसल्या. "या अल्ला, भाऊ, यांनाच घ्या सोबत."

सामानाच्या दिवशी मात्र माझं आणि भाऊंचं वाजलं. माझी यादी एक्केचाळीस वस्तूंची होती. भाऊंनी वाळवणीच्या खोलीत ताडपत्री अंथरली, सगळ्यांचं सगळं सामान तिच्यावर ओतायला लावलं आणि काठीनं रेघा मारल्या.

"भाऊ, हे चालणार नाही. यातलं सगळं लागणार आहे."

"यादीत सारंच लागते, म्हनून तं पाठ मोडते. चार भाग करा, दोन टाका. उरलं तेच खरं लागते."

उरलं ते असं : माकडटोप्या पाच, हातमोजे तीन, तेही सगळे डाव्या हाताचे, टॉर्चचे सेल भरपूर, टॉर्च एकही नाही, आणि बापूरावांनी थट्टेनं टाकलेलं लिंबाचं लोणचं. भाऊ त्या ढिगाकडे समाधानानं पाहत होते. ते गेल्यावर टाकलेल्या भागांतून एकेक वस्तू यादीप्रमाणे उचलली, पिशव्या भरल्या. त्यांना ते कळलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर चहाचा कप ठेवत म्हणाले, "तुमी हाय म्हनून मले रीत पाळता येते."

एप्रिलात रजा आल्या. सहा वर्षांत पहिल्यांदा भाऊंची रजा मंजूर झाली. तो कागद त्यांनी चष्म्याच्या घरात घडी करून ठेवला होता. आणि त्याच आठवड्यात पुण्याहून फोन आला. मेच्या तुकडीत चारच जागा शिल्लक होत्या. आम्ही आठ होतो.

सगळे वाळवणीच्या खोलीत जमलो. मला वाटलं होतं, चहावाले तिघे आपणहून मागे सरतील, पण चार महिने चालून त्यांनाही ओढ लागली होती. कोणी कोणाकडे पाहत नव्हतं. शेवटी भाऊच म्हणाले, "मंग काढा नमुना."

पिशवीत घालायच्या लेबलांवर आठ नावं लिहिली, घड्या घातल्या. भाऊंनी वर्तमानपत्रावर त्या हातानं मिसळल्या, गोल पसरल्या, डोळे मिटून बोटानं अधिकचं चिन्ह ओढलं. चिठ्ठ्या उघडायचं काम माझं. ठेवायच्या भागांत तीन : बापूराव, आपा, गजानन. टाकायच्या भागांत चहावाले तिघे. आणि दोन चिठ्ठ्या आडव्या रेघेवर. एक माझी, एक भाऊंची.

रेघेवरचं टाकायचं, हा नियम साहेबांपासून सगळ्यांना पाठ होता. पण दोन्ही टाकल्या तर जागा चार आणि माणसं तीन.

"भाऊ, तुम्ही जा," मी म्हणाले. "माती तुम्हाला पाहायची आहे."

भाऊ पुढे वाकले. काळ्या नखानं माझी चिठ्ठी अलगद आत सरकवली. स्वतःची उचलून टाकलेल्यांत ठेवली.

बापूराव उसळले. "ओ भाऊ! हे काय करून राह्यले? सारा खटाटोप तुमचा अन् तुमीच घरी?"

"यादीबाई गेल्या तं नमुना बरोबर येईन. मी गेलो तं पाहातच बसन, घ्याले विसरन."

"अहो पण..."

"नमुना काढला की मंग त्याले हात लावाचा नाई, बापूराव."

हात तर त्यांनीच आत्ता लावला होता. ते कोणी बोललं नाही. मी आणखी एकदा "तुम्हीच जा" म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणाले नाही. खरं सांगायचं तर मला जायचं होतं. चाळिशीपर्यंत मी नागपूरच्या पलीकडे गेले नव्हते, आणि माझ्या याद्यांमध्ये माझ्यासाठी असं ते पहिलंच काम होतं.

निघण्याच्या दिवशी भाऊ बडनेरा स्टेशनवर आले. प्रत्येकाच्या खिशात एकेक कांदा घातला. आमच्याकडे उन्हाळ्यात घराबाहेर पडताना खिशात कांदा ठेवतात, ऊन लागू नये म्हणून. गजानन म्हणाला, "भाऊ, तिकडं बर्फ हाय." भाऊ म्हणाले, "असू दे. बर्फावरबी सूर्य तोच हाय." मला त्यांनी बांबूची घासून तयार केलेली खुरपी दिली, कापडी पिशवी दिली आणि भरलेला फॉर्म दिला. गाडीत बसल्यावर मी तो वाचला. शेतकऱ्याचे नाव : कोणी नाही. गाव : बेस कँप. मागील पीक : नाही. पुढील पीक : नाही. ओलिताची सोय : बर्फ. खाली एकच रकाना त्यांनी स्वतः आखून मोकळा सोडला होता : तंबूपासून अंतर, पावलं. आणि कंसात, 'दोनशेच्या वर, चढाच्या अंगानं.'

ट्रेकबद्दल फार लिहीत नाही. आम्ही चौघं पहिल्या दिवसापासून गाईडच्या पुढे होतो. तो गढवाली, बोलायला मऊ. मागून सारखा म्हणायचा, "धीरे, मैडम, धीरे. यहाँ जल्दी वाला रुक जाता है।" आम्हाला हळू चालताच येत नव्हतं. पायांना चार महिने एकच शिकवलं होतं : ऊन यायच्या आत पोचा. तिसऱ्या मुक्कामाला आपांनी चुलीजवळ बसून आपला कांदा खिशातून काढला आणि गाईडच्या हातात दिला. त्यानं तो उलटसुलट करून पाहिला. "ये किसलिए?"

"धूप के लिए," आपा म्हणाल्या.

त्यानं तो डाळीत चिरून टाकला. ती डाळ फार चांगली झाली होती.

चौथ्या दिवशी माझं डोकं दुखायला लागलं, पाचव्या दिवशी डोळ्यांसमोर काजवे. बापूराव माझी पिशवी घेऊन शेजारून चालत होते. "अठी ऊन नाई, कायी नाई. कशाले पळता वो बाई? कोन मागं लागलं?" मी थांबले असते तर थांबता आलं असतं. पण मी पुढेच जात राहिले. सहाव्या दिवशी दुपारी आम्ही बेस कँपवर पोचलो.

तिथं काय होतं ते मला नीट आठवत नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. समोर पांढरी भिंत होती, इतकी जवळ की मान वर करावी लागत होती. वाऱ्याचा आवाज होता आणि त्याखाली काहीच नव्हतं. आपा ओठांतल्या ओठांत दुआ म्हणत होत्या. गजानन सारखा म्हणत होता, "भाऊ पाह्यजे होते." मी तंबूला पाठ टेकून बसले होते आणि मला उलटी येईल असं वाटत होतं. गाईडनं आकाशाकडे पाहून सांगितलं, दहा मिनिटांत उतरायला लागू.

चढाच्या अंगानं दोनशे पावलं. मी उठले. वर नुसता दगड दिसत होता, आणि डावीकडे जवळच एक हिरवागार पट्टा होता, गुडघाभर गवत, आसपास कुठं नव्हतं इतकं दाट. डोक्यात एवढंच आलं : हिरवं आहे म्हणजे माती आहे. मी मोजत गेले. वीस पावलं. खुरपीनं वीतभर खणलं, कडेची माती तासली, पिशवी भरली, दोरी बांधली. परत आले तर आपा माझ्याकडे पाहत होत्या.

"इतक्यात झालं?"

"झालं."

फॉर्म गुडघ्यावर ठेवला आणि रकान्यात लिहिलं : २१०.

माझ्या आयुष्यात मी खोटी नोंद केली ती तेवढी एक.

परत आल्यावर भाऊंनी प्रवासाचं काहीच विचारलं नाही. पिशवी दोन्ही हातांनी घेतली. त्या मातीला दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. नवं वर्तमानपत्र आणलं, सावलीत पसरली, स्वतः चाळली, स्वतः तपासली. चार दिवस ते जेवायच्या सुट्टीतही खोलीबाहेर आले नाहीत. पाचव्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून आले, आकड्यांचा कागद समोर घेतला आणि खुर्चीत बसले. बापूराव मुद्दाम भातकुलीहून आले होते. सगळे टेबलाभोवती उभे होतो.

भाऊंनी कागद एकदा वाचला. पुन्हा वाचला. मग उरलेल्या मातीची चिमूट घेऊन वास घेतला आणि हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

"बाई, अठी तं मेंढ्या बसल्या व्हत्या!"

कागद मी पाहिला. कर्ब, स्फुरद, पालाश, तिन्ही आमच्या तक्त्याच्या वरच्या टोकाच्याही वर. आमच्या भागातल्या कुठल्याच वावरात एवढा कस मी पाहिला नव्हता. उन्हाळ्यात धनगर कळप घेऊन येतात, शेतकरी त्यांना आपल्या रिकाम्या वावरात मेंढ्या बसवायला बोलावतात, लेंडीखत मिळतं म्हणून. पुढच्या पावसाळ्यात तेवढाच तुकडा काळाभोर हिरवा दिसतो. लांबूनसुद्धा ओळखू येतो. मी शेतकऱ्याची मुलगी, मातीच्या प्रयोगशाळेतली, आणि पहाडावर तोच हिरवा तुकडा पाहून त्याच्याकडे गेले होते. तिथलेही मेंढपाळ वर्षानुवर्षं त्याच जागी कळप बसवत असणार.

"दोनशे दहा पावलं कोनाची वो?" भाऊ डोळे पुसत म्हणाले. "कोंबडीची का?"

सगळे खो खो हसले. मीही हसले. तेव्हा बोलायला हवं होतं, बोलले नाही. भाऊंनी नोंदवही ओढली. त्या क्रमांकापुढे आकडे लिहिलेच नाहीत. शेराच्या रकान्यात, आम्ही बिघडलेल्या नमुन्यापुढे लिहितो तेच तीन शब्द लिहिले : पुन्हा नमुना घ्यावा.

पुढच्या वर्षी कर्जमाफी आली आणि आमच्या कार्यालयातल्या माणसांनाही याद्यांच्या कामाला जुंपलं. गावोगावच्या, पानंच्या पानं. मला आयुष्यात पहिल्यांदा याद्यांचा कंटाळा आला. रजेचा प्रश्नच नव्हता. त्याच वर्षी भाऊ निवृत्त झाले आणि चांदूर रेल्वेला धाकट्या भावाकडे राहायला गेले. गुडघे गेले होते. दर मे महिन्यात त्यांचं पोस्टकार्ड यायचं. मजकूर एकच : 'यादीबाई, नमुना?' खाली पंधरा दिवसांपूर्वीच्या एखाद्या बातमीची चौकशी.

मी उत्तरं लिहिली. मुलीची दहावी. सासूबाईंचं ऑपरेशन. कार्यालयाची इमारत बदलली. सगळी कारणं खरी होती.

एकदा मी आणि आपा त्यांना भेटायला गेलो. ते अंगणात खुर्चीवर बसले होते, पायांजवळ कुंड्या, प्रत्येक कुंडीत वेगळ्या गावची माती आणि एकीतही रोप नव्हतं. आपा आत चहाला मदत करायला गेल्या, तेव्हा मी म्हणाले, "भाऊ, तेव्हा वीसच पावलं गेले होते."

"मालूम हाय."

"केव्हापासून?"

"फॉर्म पाह्यला तवाच. तुमच्या हातचा आकडा कंदीच कापत नाई. थो कापला व्हता."

"मग बोलला का नाहीत? सगळ्यांसमोर हसण्यावारी नेलंत."

त्यांनी जवळच्या कुंडीतला खडा काढून बाजूला ठेवला. "बोललो असतो तं तुमी माफी मांगतली असती. माफी मांगतली की काम मिटते मानसाचं. मंग तुमी पुन्हा गेल्या नसत्या."

आपा चहा घेऊन बाहेर आल्या. भाऊंनी बशीत चहा ओतला आणि मला विचारलं, "तिथी कसं होतं वो? ते कंदी सांगतलंच नाई तुमी."

मी पांढऱ्या भिंतीबद्दल सांगितलं, वाऱ्याबद्दल सांगितलं. ते ऐकत होते. शेवटी म्हणाले, "अन् वरच्या अंगाले? दोनशे पावलांच्या पुढं?"

मी तिथं गेलेच नव्हते.

नंतरच्या एका मे महिन्यात पोस्टकार्ड आलं नाही. बापूरावांचा फोन आला. भाऊंना जाऊन तेव्हा आठवडा झाला होता. मला ती बातमी उशिरा कळली, हे त्यांच्या रीतीला धरूनच झालं, असं बापूराव म्हणाले.

मी आता पंचावन्नची आहे. प्रयोगशाळेत सगळं संगणकावर आलं. जुन्या नोंदवह्या बांधून ठेवायच्या होत्या तेव्हा त्या शेऱ्याची नोंदवही मी मागून घेतली. बांबूची खुरपी आहे. कापडी पिशवी धुऊन ठेवली आहे. रोज सकाळी चालते, हळू. हळू चालायला शिकायला मला फार वर्षं लागली. नवा फॉर्म भाऊंच्यासारखाच भरून ठेवला आहे : शेतकऱ्याचे नाव, कोणी नाही; मागील पीक, नाही; ओलिताची सोय, बर्फ. पावलांचा रकाना कोरा आहे.

माझ्या वहीत चौदाव्या कामापुढे अजून खूण नाही. माती आणणे. तंबूपासून दोनशेच्या वर, चढाच्या अंगानं, हिरवा तुकडा सोडून.